पुलापलीकडचं स्थळ

कोणत्याही शहराची संस्कृती नदीवरच्या पुलांवरून ओळखावी. सोलापूरची पंचाईत अशी, की शहरात नदीच नाही. सीना आहे, पण ती शहराला न शिवता बाहेरून जाते. तिच्यावरच्या एका पुलाचा सगळा इतिहास मात्र महानंदाच्या लग्नाच्या खटपटीने घडवला.

तिचा बाप जोतीराम सीनेपलीकडच्या वस्तीवर राहायचा. लेकीला पहिलं स्थळ शुक्रवार पेठेतलं आलं. पोहे देताना महानंदाच्या मनगटावरचा पांढरा डाग पदराबाहेर आला. पोहे तसेच राहिले. निघताना मुलाची आई म्हणाली, "पोरगी सोनं हाय वो. पर तुमचा फरशी पूल पावसात बुडतो. सून माहेरीच अडकली म्हंजी?"

जोतीरामला फक्त पूल ऐकू आला. त्याने अर्जांचा धडाका लावला, आमदाराचे उंबरे झिजवले. फरशी जाऊन नळ्यांचा पूल झाला.

दुसरं स्थळ आलं. चहा गार झाला. "नळ्यांत झुडपं अडकत्यात, पावणं," मुलाचा मामा हळहळला. "पाणी वर चढतंय."

जोतीराम कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसायला निघाला.

"अण्णा, पुलासाठी उपाशी मरू नका," महानंदा म्हणाली.

"गप. लोकं सोता म्हणत्यात की, पोरगी सोनं हाय म्हणून."

ती मनगट झाकून आत गेली.

उंच पूल झाला तेव्हा महानंदा चौतीस वर्षांची होती. नारळ पुढाऱ्याने फोडला. जोतीरामला मंडपात खुर्ची मिळाली नाही. पण पेठेतल्या त्या बाईंचा धाकटा मुलगा घटस्फोट होऊन पुन्हा मोकळा झाला होता. जोतीरामने निरोप धाडला. मंडळी भुर्रकन आली. पुलाचं तोंडभरून कौतुक झालं. पोहे तसेच राहिले.

"मग ठरवायचं का?" जोतीरामने विचारलं.

"अवो, रस्ता लईच सरळ झालाय," बाई म्हणाल्या. "सून उठसूट माहेरी पळंल की!"

त्यांची गाडी पूल ओलांडून दिसेनाशी झाली, तरी जोतीराम अंगणातच उभा होता. मग त्याचा चेहरा उजळला.

"महानंदा, कागद आण. पुलावर गतिरोधक मागतो."

महानंदा पोहे म्हशीपुढे टाकत होती.

शेजारच्या चनबसप्पाच्या तिन्ही मुली फरशी पूल असतानाच शुक्रवार पेठेत नांदायला गेल्या होत्या.