भिंतीला टेकलेली सवत

मी एक जुनी चासी आहे. चासी म्हणजे गाडीच्या पोटाखालचा लोखंडी सांगाडा. इंजिन, चाकं, दारं, बसणारी माणसं, सगळ्यांचा भार माझ्यावर. मित्रांनो, तुम्ही गाडीचा रंग बघता, दिवे बघता, काचेत स्वतःचं तोंडही बघून घेता. मला कोण बघतं? असो. सुरुवातीलाच रडगाणं नको.

दोन लांब दांड्या आणि मधल्या आडव्या पट्ट्या तापलेल्या रिव्हेटांनी जोडून कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर गाडी चढली आणि आम्ही एका घरी गेलो. बाबा, आई, ताई आणि धाकटा अशी चार माणसं. शाळा, दवाखाना, लग्नकार्य, सगळीकडे मी त्यांना वाहून नेलं. "काय ऐटदार गाडी आहे!" लोक म्हणायचे. ऐट वरती चालली होती. मी खाली चिखल खात होते. एकदा बाबांनी गाडी खड्ड्यात घातली. माझा पुढचा डावा खांदा दबला, तरी सगळ्यांना सुखरूप घरी आणलं. पुढे दारात नवी गाडी आली आणि आम्हाला शेडच्या कोपऱ्यात ढकललं. उंदरांनी माझ्या पोकळीत संसार थाटला. तेवढीच काय ती सोबत.

वर्षं गेली. ताई वेल्डिंग शिकली, धाकटा इंजिनात रमला. दोघांनी मिळून गॅरेज काढलं, आणि एक दिवस त्यांना आमची आठवण झाली. जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवायचं, तिला बुटकी आणि सुसाट करायची, या खुळाला म्हणे हॉट रॉड म्हणतात. वरची बॉडी उतरवली, माझा गंज खरवडला. मला वाटलं, आता माझे दिवस आले!

तेवढ्यात धाकट्याने 'ती' आणली. कोरी चासी. काळी कुळकुळीत, अंगावर ओरखडा नाही. तिला भिंतीला टेकवून ठेवलं. येणारा जाणारा तिच्यावरून हात फिरवायचा. आईसुद्धा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान!" माझ्यावर तिने चहाचा ट्रे ठेवला. माझा नुसता जळफळाट झाला.

"ताई, ही जुनी पार वाकडी असणार," धाकटा म्हणाला. "नवं इंजिन हिला पेलणार नाही. संध्याकाळी भंगारवाला येतोय."

"आधी मोजू तर दे," ताई म्हणाली.

मला स्टँडवर चढवलं. माझ्या भोकांमधून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि पुढच्या खुणेपासून मागच्या विरुद्ध खुणेपर्यंत तिरपी दोरी ताणली. मग दुसरीकडून तशीच. चासी सरळ असेल तर दोन्ही दोऱ्या सारख्या भरतात. माझ्या भरल्या नाहीत. चांगला चार बोटं फरक! पुन्हा मोजलं, तरी तेच.

"बघ! मी काय म्हणत होतो?" धाकट्याने हात झटकले. भिंतीजवळची ती नुसती चमकत होती. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अरे, ते भोक माझं नाही!

ताई माझ्याखाली आडवी झाली. मागच्या उजव्या भोकाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. मग डाव्या भोकावरून. पुन्हा उजव्या.

"अरे, बाकीची भोकं कारखान्यातली, कड गुळगुळीत आहे. हे हाताने ड्रिल केलंय. आपण चुकीच्या भोकातून मोजतोय. खरं भोक मातीने बुजलंय, हे बघ."

"ते मीच पाडलं," कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं बघणारे बाबा म्हणाले. "जादा चाकाची पट्टी बसवायला."

"बाबा! सकाळपासून बसलाय, सांगायचं नाही?"

"मला कोण विचारतंय? दोघं एवढे तज्ज्ञ!"

खऱ्या भोकातून दोऱ्या पुन्हा ताणल्या. राहिला तो खड्ड्यात दबलेल्या माझ्या खांद्याचा फरक, जेमतेम नखाएवढा. ताईने मला साखळ्यांनी आवळलं, खांद्याखाली जॅक लावला आणि हळूहळू दाबत गेली. "जरा जास्तच उचल," बाबा म्हणाले, "लोखंड थोडं मागे येतं." मी कण्हले. साखळी सैल केली, दोरी लावली. दोन्ही सारख्या!

धाकट्याने माझ्या कडेला मोजपट्टी लावली. मग म्हणाला, "ताई, हिचं पोलाद जाड आहे गं. नवीपेक्षा जाड." आणि त्याने पहिल्यांदा माझ्यावरून हात फिरवला.

भंगारवाला हात हलवत गेला. नवी चासी दुकानात परत गेली. तिची कीव यायला हवी होती. आली नाही. खोटं कशाला बोलू?

गाडी तयार झाली. लालभडक. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताईने क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी केसभरही कलली नाही. ताई हसली. परतल्यावर सगळी गल्ली जमली आणि जो तो म्हणाला, "काय रंग आहे!"

रंग! कालचं पोर ते, अजून नीट वाळलंही नव्हतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. माझी माती काढा, गंज चढू देऊ नका. आणि एखादी गाडी आवडली, तर तिचं कौतुक ओठांवर येण्याआधी जरा खाली वाका. तिथे कुणीतरी वाट बघत असतं.