राजभाषा

कुठं दुखतंय का, असं नर्सनं पुन्हा एकदा इंग्रजीतून विचारलं. लाऊंनी भरभरून उत्तर दिलं, पण कँटोनीज या चिनी बोलीत. तिनं त्यांची उशी सारखी केली आणि ती निघून गेली.

बाळकाकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. अमेरिकेतल्या कॅरी गावात दोघांची घरं शेजारी-शेजारी होती. बायको, शुभा, गेल्यापासून काकांचं दिवसाकाठचं बोलणं काय ते कुंपणापाशी लाऊंबरोबर, तेही इंग्रजीत. गेल्या महिन्यात लाऊंना स्ट्रोक आला आणि त्यांचं इंग्रजी तेवढं पुसलं गेलं. उरली ती त्यांच्या आईची भाषा.

त्याच भाषेसाठी हा माणूस विशीत हाँगकाँगच्या रस्त्यावर उतरला होता. तिथं राज्य इंग्रजांचं, म्हणून कायदा आणि सरकारी कारभार इंग्रजीत. लाऊ बोटीच्या धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेत उभे राहत. अखेर चौऱ्याहत्तर साली सरकारनं इंग्रजीच्या बरोबरीनं चिनीलाही राजभाषा मानलं.

"जिंकलो, आणि लगेच अमेरिकेला आलो," असं सांगून ते हसायचे. पोरीला मात्र त्यांनी इंग्रजीतच वाढवलं. ते सांगताना हसायचे नाहीत.

ती पोरगी, ग्रेस, आता दारात उभी होती. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यातच होतं. तिला पाहताच लाऊ घाईघाईनं बोलू लागले.

"इंटरप्रिटर उद्या मिळेल म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली. "अंकल, तुम्ही रोज बसता यांच्याजवळ. काय म्हणतायत ते?"

काकांना अक्षरही कळलं नव्हतं. पण तिची नजर त्यांच्यावरून हटेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जेवलीस का, विचारतायत."

ग्रेस मटकन पलंगाच्या कडेवर बसली. वडिलांचा हात धरून ती "यस, डॅड, जेवले मी," असं म्हणत राहिली. लाऊ बोलायचे थांबले.

"त्यांच्या भाषेत कसं विचारतात हे?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"ते मला येत नाही." काका घुटमळले. "आम्ही विचारतो, जेवलात का."

ग्रेस त्यांच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं असावं. वडिलांकडे वळून तिनं हळूच म्हणून पाहिलं,

"जेव्लाट का?"

लाऊ नुसते तिच्या ओठांकडे बघत होते.

काकांच्या पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

"हो," ते मराठीत म्हणाले, "जेवलो."