पहिला घाव

“सगले म्हशाच्या जत्रेला गेले गो सुंदरा. आमचा म्हातारासुदा बैल बघायला गेलाय,” शेजारच्या सावळारामची बायको दारातूनच म्हणाली.

सुंदरानं कपाळावर हात मारून घेतला. जत्रेच्या दिवसांत पाड्यावर औषधालाही पुरुष उरत नाही, हे आधी सुचायला हवं होतं. दिवस कलला होता. तासाभरात वाशिंदहून पाहुणे येणार, त्यातल्या म्हातारीचा गुरुवार, म्हणून मटण नाही. घरात भाजीला होता तो एक तांबडा भोपळा. आणि भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं मानतात. बाईनं त्याच्यावर पहिला घाव घालायचा नसतो. एकदा पुरुषानं कोयता मारला, की पुढच्या फोडी बाईनं खुशाल कराव्यात.

सुंदराकडे हे काम तिच्या मनोजचं असे. मनोज डावखुरा, त्यामुळे त्याचा घाव नेहमी तिरका पडे आणि दोघी सासू-सुना त्याला हसत. दोन वर्षांपूर्वी जत्रेहून परतताना त्याची गाडी घसरली. एकुलता एक मुलगा गेला. मागे राहिली त्याची बायको भावना, सव्वीस वर्षांची. तिचं दुसरं लग्न लावून द्यायचं, असं सुंदरानं मनाशी पक्कं केलं होतं. लोक नावं ठेवत होते, ठेवोत बापडे. अडून बसली होती ती भावनाच. मोठ्या मिनतवारीनं आज पाहुण्यांसमोर यायला कबूल झाली होती.

नळावरून हंडा घेऊन येणारी भावना वाटेतच भेटली. दोघी घरी आल्या. सुंदरानं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

चुलीपाशी भोपळा होता तिथंच होता. पण त्यात कोयता रुतलेला होता. घाव ताजा होता, डाव्या हाताचा, तिरका. कडेनं पाणी पाझरत होतं.

भावनाच्या हातून हंडा निसटला.

“आई, ह्यो त्यांचा घाव हाय,” ती कुजबुजली. “त्यांना पसंत नाय. पावन्यांना फोन करा, येऊ नका म्हना. मी नाय जायची कुठं.”

सुंदरा घाबरली नाही. पोरगा घरी आला होता! दोन वर्षं ती देवाशी भांडली ती याचसाठी. आता भावनानं इथंच राहावं, तिघांनी पूर्वीसारखं राहावं, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं सुनेकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि असा चेहरा घेऊन ती या घरात म्हातारी झाली असती.

“काय खुळी हायस गो! घाव मीच घातला,” सुंदरा म्हणाली. “तू नळावर गेल्यावर. घाईत तिरका पडला.”

“तुमी? मग सावळारामकाकांकडं कशाला गेलात?”

“मागनं जिवाला लागलं. म्हटलं, कुनी पुरुष आला तर त्याच्या हातनं दुसरा तरी घालून घेऊ.”

“पन भोपला थोरला मुलगा असतो ना आई?”

“असतो. माझाच ना? मीच कापला.”

तिनं कोयता उपटला आणि सालासकट फोडी करायला घेतल्या. तेलात मेथीदाणे, ठेचलेला लसूण, लाल तिखट. झाकणावर पाणी ठेवून वाफ दिली. गूळ घातला नाही. वास सुटला तशी भावना मुकाट्यानं तांदळाच्या भाकऱ्या थापू लागली.

पाहुणे आले, जेवले. मुलगा, वाशिंदच्या कारखान्यातला ओमकार, अबोलच होता. भावना वाढायला वाकली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आधी तुमी बसा, आमी वाढतो.” ती पहिल्यांदाच हसली. निघताना म्हातारीनं ‘पसंत हाय का?’ विचारलं, तेव्हा भावनानं मान डोलावली.

ती त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवायला गेली. सुंदरा एकटीच चुलीपाशी उभी राहिली. पाठीमागे कुणीतरी आहे, हे तिला कळत होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

“रागावू नको रे,” ती हळूच म्हणाली. “तुझा घाव मीच घातला म्हनाले. पन तिला जाऊ दे. मी हाय ना इथं.”

मग मागे पाट सरकल्याचा आवाज आला.

सुंदरानं पदरानं डोळे पुसले आणि ताट वाढायला घेतलं.