एकशे ऐंशी मीटरचा हेका

मी रादोय्काबाईंच्या बागेतली तार बोलतेय. शपथेवर सांगते, पुढे येतंय ते अक्षरन् अक्षर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता डोळे मला नाहीत, ते कॅमेऱ्याला होते, आणि त्यालाही ऐन वेळी दिसायचं नाही, ही गोष्ट वेगळी. पण शपथ खरी.

आम्ही जुळ्या. कारखान्यातून पाठीला पाठ चिकटूनच बाहेर पडलो. बहीण कॅमेऱ्याचं चित्र घरी आणणारी, मी घरातली वीज कॅमेऱ्याला पोचवणारी. ती अंगानं भरलेली, मी शेवईसारखी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. रिळावर मात्र ठसठशीत 'तांबे' छापलेलं. मी कधी बोलले नाही. विचारलं कुणी?

सर्बियातल्या या डोंगरगावात मला आणलं ते मधमाश्यांसाठी. रादोय्काबाईंचा नवरा वारला तेव्हा मागे सतरा मधपेट्या राहिल्या, बागेच्या पार तळाला, लिंडनच्या झाडांखाली. बाई रोज सकाळी तिथे जाऊन नवऱ्याशी बोलावं तसं माश्यांशी बोलायच्या. गेल्या उन्हाळ्यात चोरांनी सहा पेट्या माश्यांसकट गाडीत घालून नेल्या. उरल्या अकरा.

"याही गेल्या, तर सकाळी उठून जाऊ कुठे मी?" बाई म्हणाल्या.

"मी आहे ना वहिनी! कॅमेरा लावतो," मोमचिलो म्हणाला. हा त्यांचा दीर. गावात कुणाचं काही बिघडलं, की न बोलावता पेचकस घेऊन हजर.

दुकानातल्या बाईनं त्याला बजावलं होतं, "एकशे ऐंशी मीटर? एवढ्या लांब बारा व्होल्ट टिकायचे नाहीत. पेट्यांजवळ कुणाचं घर असेल, तिथून वीज घ्या."

"बाई, ट्रॅक्टरचं इंजिन दोनदा खोलून बांधलंय मी," मोमचिलो म्हणाला आणि मला खांद्यावर टाकून निघाला.

पेट्यांजवळ घर होतं की! तीस पावलांवर, कुंपणापलीकडे, तिहोमिरचं. पण चौदा वर्षांपूर्वी या तिहोमिरनं बांधावरचा अक्रोड तोडला होता. सावली त्याच्या घेवड्यावर पडते म्हणून. झाड लावलेलं रादोय्काबाईंच्या नवऱ्यानं. तेव्हापासून दोन्ही घरांत शब्द नाही. नवऱ्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तिहोमिर टोपी काढून आपल्या फाटकात उभा होता. बाईंनी मान फिरवली.

"त्याच्या भिंतीतली वीज? त्यापेक्षा माझ्या माश्या अंधारात बसतील!"

मग काय, आलुबुखाराच्या झाडाझाडांना बांधत मला लांबून नेलं. घरातून बारा व्होल्ट निघत, टोकाला नऊ पोचत. दिवसा कॅमेऱ्याचं तेवढ्यावर भागे. पण दिवस मावळला की त्याचे अंधारात बघायचे दिवे लागत, त्याची भूक दुप्पट होई, आणि माझ्या हातात उरत जेमतेम सहा. कॅमेरा डोळे मिटे. रोज. नेमका चोरांच्या वेळेला.

मोमचिलोची दुरुस्ती मात्र भर दुपारची. झाडावर चढून बसायचा, माझी साल सोलायचा, दोन टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायचा. चित्र दिसलं की ओरडायचा, "चालला वहिनी! आणा रकिया!" काम झालं की त्यावर या फळांच्या दारूचा ग्लास रिकामा केल्याशिवाय ते पक्कं होत नाही, हा इथला नियम. त्याचं पक्कं व्हायला तीन ग्लास लागत. सूर्य मावळायच्या आत गडी घोरायला लागे. त्यानं तीन कॅमेरे बदलले, मला आठ गाठी मारल्या. पण दिवस मावळल्यावर शुद्धीवर राहून एकदा टोकाला काय पोचतंय ते मोजावं, तर नाव नको!

"कॅमेरेच नासके," तो म्हणायचा. मी अंगात होतं नव्हतं ते ओतत होते, आणि चर्चा कॅमेऱ्याची!

सप्टेंबरात आणखी दोन पेट्या गेल्या. चित्रात पावणेसातपर्यंत सगळं ठीक, मग काळं. बाई रिकाम्या लाकडी चौरंगावर बसून राहिल्या. "नऊ," एवढंच म्हणाल्या.

ऑक्टोबरात तिहोमिरच्या घरची स्लावा आली, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणी कुणाला आमंत्रण देत नाही; पण दारात आलेल्याला परतही धाडत नाही, वैरी असला तरी. बाई काळा पोशाख घालून, हातात मधाची बरणी घेऊन फाटकातून आत गेल्या.

तिहोमिरनं साखर नि अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी पुढे केली. "घ्या शेजारीणबाई. अक्रोड विकतचे आहेत."

"कळतंय. आमच्या झाडाचे असते तर गोड लागले असते."

"चौदा वर्षं झाली, बाई. घेवडाही नीट आला नाही कधी."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, चमचा चाटला आणि मग म्हणाल्या, "तिहोमिर, एक प्लग द्या मला. माश्यांसाठी."

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला कुंपणापलीकडून वीज मिळाली. बहीण चित्र आणायला जागेवरच राहिली. मला तिच्या पाठीवरून टराटरा सोलून काढलं. आता मी ओसरीत टांगलेली आहे, अंगावर लाल मिरच्यांच्या माळा. संध्याकाळी खिडकीतून आतला कॅमेऱ्याच्या चित्राचा पडदा दिसतो: नऊ पेट्या, लख्ख. माझ्याशिवाय. माझी कळकळीची विनंती आहे, लांब तार ओढण्याआधी कुंपणापलीकडे एकदा बघा. आम्हालाही पाठ असते.

आता शपथेचं. तिहोमिरच्या घरात मी कधी गेलेच नाही; मी कुंपणाशीच संपत होते. गहू, चमचा, प्लग मागणं, सगळं मी रचलंय. कुणीतरी एकदाचं तोंड उघडावं, इतकी कंटाळले होते मी. खरं एवढंच, की बाई बरणी घेऊन गेल्या आणि घटकाभरानं रिकाम्या हातानं, गप्पच परतल्या. आणि सकाळी कुंपणावर, आमच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला एक प्लगबोर्ड लटकत होता. चालू.