दुसऱ्या बाजूने धरायला

वालाच्या शेंगा सोलायच्या नाहीत. नुसत्या धुवायच्या.

पलीकडच्या काठावर, फार्महाऊसमध्ये, कुणीतरी माईक तपासतंय. हॅलो. हॅलो.

सुकापूरच्या सोसायटीत गच्चीवर जाळ करायला मनाई आहे.

धरणाचं पाणी मागे हटलं की गाळ उघडा पडतो. त्यावर बगळ्यांचे पाय.

जाडं मीठ, ओवा.

गरम मडकं एका माणसाला उचलत नाही.

वेणू मडकं भरत होती. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, परत शेंगा. थंडी पडली की काठावर पोपटी लावायची, सगळ्या घराने. नवरा होता तेव्हा तो आणि प्रणित मडकं काढायचे. नवरा गेला. प्रणित सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेला, पण पोपटीला बायकोपोरांना घेऊन यायचा. तेवढ्यासाठी तरी यायचा.

साळू डोंगरावरून पाल्याचा भारा घेऊन आली. ती कातकरवाडीतली. दर हिवाळ्यात पाला द्यायची, पैसे घ्यायची, जायची.

"एवढं मोठं मडकं? गावजेवान हाय का काय, वेणूबाय?"

"पोरं येतील ना."

"कवा? दिस कलला."

"गाडीनं येतात. कळंबोलीला ट्रक अडकून पडतात. तुला काय ठावं, तू गाडी चालवतेस?"

"मी नाय. तुमी तरी कुटं चालवता?"

वेणू हसली. मग मडक्याच्या तोंडात पाला कोंबला, मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या. काडी ओढली.

साळू उठली.

"थांब जरा," वेणू म्हणाली. "काढायला हात लागंल."

"आनि पोरं?"

"आली तर ती काढतील."

साळूने एकदा रस्त्याकडे बघितलं. परत बसली.

जाळ.

पलीकडे गाणं लागलं. पाण्यावरून येताना त्याचे शब्द गळून जात होते, नुसते ठोके पोचत होते.

रस्त्यावर उजेड. वेणू उभी राहिली. दुधवाल्याची मोटारसायकल. गेली.

"इतकी वर्सं पाला आनते," साळू म्हणाली, "आतली शेंग काय कदी बगितली नाय."

वेणूने जाळात काटकी सारली.

जाळ बसला तसं तिने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. दोघींनी दोन बाजूंनी ओलं गोणपाट धरलं.

"उचल."

"तुमच्या अंगावर कलतंय."

"मग तू वर धर."

"वर धरते तर तुमी खाली सोडता!"

"तोंड बंद कर आनि धर."

मडकं कागदावर ओतलं. वाफ, ओव्याचा वास, हिरव्याच्या काळपट झालेल्या शेंगा. ढीग भलताच मोठा दिसत होता. साळूने एक शेंग दातांनी ओढली, बोटं भाजली म्हणून हात झटकला, दुसरी घेतली.

"ग्वाड हाय."

"खा की मग."

"पोरांना ठेवा ना."

"त्यांच्यापुरतं हाय. तू पदर पसर."

वेणूने ओंजळी भरभरून तिच्या पदरात घातल्या. अंडी घातली. कोंबडीचं पान जसंच्या तसं वर ठेवलं.

"अवं, एवढं?"

"ने घरच्यांना. गार झाल्यावर चव नाय ऱ्हात."

"तुमी एकल्या बसणार हितं?"

"जा गं, अंधार पडंल."

साळू बांधावरून गेली. पदर सांभाळत, जरा वाकून. बांध संपेपर्यंत वेणू बघत राहिली. मग राखेजवळ बसली आणि एकेक शेंग खाऊ लागली, सालं बाजूला, दाणे तोंडात. पलीकडे टाळ्या वाजल्या. कुणाचा तरी वाढदिवस असावा.

प्रणितचा फोन मंगळवारी आला होता. या वर्षी जमणार नाही म्हणाला. मडकं तिने बुधवारी विकत घेतलं.