बेचाळीस अंगठ्यांचा अर्ज

मी एक जुने शाईचे पॅड आहे. चपटी पत्र्याची डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेली कापडी गादी, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघाले ते थेट पुण्याच्या कसबा पेठेत, अर्ज लिहून देणाऱ्या नागोरावांच्या टेबलावर आले.

मित्रांनो, ज्यांना सही येत नसे त्यांचे अंगठे मी रंगवत असे. रेशनकार्ड, पेन्शन, शाळेचा दाखला, कुठे म्हणून माझा ठसा नव्हता? नागोराव म्हणत, "माझ्या पेनापेक्षा ह्यालाच गिऱ्हाईक जास्त." ते ऐकून मी फुगत असे. पुढे शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर आला आणि नागोरावांपुढची रांग आटू लागली.

त्याच सुमारास एका सकाळी गल्लीतल्या खानावळीच्या सुंदराबाई आल्या. सोबत इद्रिस होता. आफ्रिकेतल्या एका देशातून तो शिकायला आला होता आणि चार वर्षे त्यांच्याकडेच जेवत होता. त्याच्या देशात लढाई चालू होती. तिथल्या सरकारी सैनिकांनी त्याचे गाव जाळले आणि त्याच्या दोन भावांना उचलून नेले. हे त्याने एका वर्तमानपत्राला सांगितले, म्हणून त्याच्या वकिलातीने पासपोर्टची मुदत वाढवून दिली नाही. पासपोर्ट संपल्यामुळे आता दोन महिन्यांत भारत सोडायचा इथल्या सरकारचा हुकूम आला होता.

"परत गेला तर?" नागोरावांनी विचारले.

"भावांना नेलं तिथंच नेतील," इद्रिस शांतपणे म्हणाला.

"लिहा दिल्लीला," सुंदराबाई म्हणाल्या. "दोन मागण्या. पोराला इथं राहू द्या. आणि त्याच्या सरकारला विचारा, गाव का जाळलं?"

"बाई, दिल्ली तुमच्या खानावळीत जेवते का, तुमचं ऐकायला?"

"जेवत नसेल तर तेही लिहा. एकदा येऊन जा म्हणावं."

नागोरावांनी अर्ज लिहिला. सुंदराबाई दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या होत्या, म्हणून पहिली सही त्यांची. खाली गल्लीतल्या बायकांचे बेचाळीस अंगठे. पोळ्या लाटणाऱ्या यमुनाबाईंनी मात्र माझ्यावर दोनदा अंगठा टेकवला.

"दुसरा कुणाचा?" नागोरावांनी विचारले.

"सासूबाईंचा. त्यांना उठवत नाही. पण त्यांचंही म्हणणं हेच आहे."

घाईत नागोरावांनी ते हसून चालवून घेतले आणि तिथेच चूक झाली. यमुनाबाईंच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची आडवी खूण होती. मला ती माहीत होती. पण मी पडले मुके.

महिन्याने सरकारचे उत्तर आले. 'एकच अंगठा दोन नावांपुढे आढळतो. अर्जाचा खरेपणा संशयास्पद असल्याने तो दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' म्हणजे फायलीत पुरला. मित्रांनो, ते ठसे माझेच होते. त्या दिवशी मला माझ्या रंगाची लाज वाटली.

यमुनाबाई रडू लागल्या. "माझ्यापायी पोराचा जीव जायचा."

"रडून शाई निघत नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "बस खाली. आता अंगठा नाही. सही."

खानावळीच्या परातीत त्यांनी पीठ पसरले आणि एकेकीला बोटाने नाव गिरवायला लावले. दुपारची भांडी घासून झाली की बायका परातीभोवती बसत. कुणाचा काना सुटे, कुणाची वेलांटी उलटी फिरे. नागोराव टेबल सोडून पिठातली अक्षरे तपासायला येऊ लागले. यमुनाबाईंच्या सासूबाईंचे नाव हिरा. परात त्यांच्या खाटेवर गेली. थरथरत्या बोटाने त्यांनी दोन अक्षरे नऊ दिवसांत पक्की केली.

मुदतीला बारा दिवस उरले असताना नवा अर्ज निघाला. त्यावर त्रेचाळीस सह्या होत्या. मी झाकण उघडून वाट पाहत होते, पण कुणीही मला शिवले नाही. आणि मला वाईट वाटले नाही.

मुदत संपायला एक दिवस उरला असताना पत्र आले. इद्रिसला एक वर्ष राहण्याची परवानगी मिळाली होती. गल्लीत पेढे वाटले. सुंदराबाईंनी मात्र पत्र पुन्हा एकदा, अक्षरावर बोट ठेवून वाचले.

"पोरगं राहिलं. गावाबद्दल एक शब्द नाही."

"अहो, मिळालं तेवढं पदरात घ्या," नागोराव म्हणाले.

"अर्धं उत्तर आलंय. उरलेल्या अर्ध्यासाठी परत लिहायचं."

तेव्हापासून दरवर्षी अर्ज जातो. तिसऱ्या वर्षी दोन ओळी आल्या: 'आपले निवेदन संबंधित सरकारकडे पाठवून खुलासा मागविला आहे.' तो खुलासा अजून आलेला नाही. इद्रिसची परवानगी मात्र दरवर्षी वाढत गेली. त्याला नोकरी लागली, तरी अर्जाच्या दिवशी तो सहीला येतो.

नागोरावांनी टेबल बंद केले तेव्हा सुंदराबाईंनी मला मागून घेतले. माझी गादी कडक झाली आहे, झाकण गंजले आहे. माझ्यात त्या आता टपालाची तिकिटे ठेवतात.

मित्रांनो, मला पुन्हा शाई घालू नका. मी कोरडे आहे तेच बरे. पण सुंदराबाई थकल्या आहेत. त्यांच्यानंतर ही डबी तुमच्या हाती आली, तर एवढेच करा: गावाचे उत्तर येईपर्यंत तिच्यातली तिकिटे संपू देऊ नका.