दारात गर्दी

पुतणीने स्क्रीनवरचं चित्र मोठं केलं आणि आत्याची खुर्ची पुढे ओढली. प्रयोगशाळेत रुग्णांना मज्जाव आहे, असं दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आत्याने ते नीट वाचलं होतं, मान डोलावली होती आणि आत शिरली होती.

"हे माझं यकृत?"

"त्यातल्या गाठीचा काप. केसाहून पातळ. एकेक पेशी दिसतेय बघ, शरीरात जिथे होती तिथेच."

या 'जिथे होती तिथेच'पायी पुतणीने आपली नोकरी पणाला लावली होती. तपासणीसाठी गाठीतून काढलेले आजवरचे तुकडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनेच दळले होते. दळल्यावर पेशी मोजता येत, पण कोणती कुठे होती ते कळत नसे. दळलेल्या तुकड्यांत गाठीशी लढणाऱ्या पेशी भरपूर निघाल्या, म्हणून त्यांना चेव आणणारं औषध सुरू झालं, आणि गाठ मात्र खुशाल वाढत राहिली. शेवटचा तुकडा काढला तेव्हा आत्याला आठवडाभर कूस बदलता आली नव्हती. तोही दळायचा हुकूम होता. पुतणीने तो दळला नाही. विचारलंही नाही, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. आणि आज सकाळीच डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की आता उपचार थांबवू या.

"हिरव्या दिसतायत ना, त्या लढणाऱ्या," ती म्हणाली.

आत्या चष्मा सावरत पुढे वाकली. हिरव्या पेशी रग्गड होत्या. पण सगळ्या गाठीच्या कडेला दाटीवाटीने थांबलेल्या. आत हिरवं जवळजवळ औषधालाही नव्हतं.

आत्याची उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली होती. तिचा आवाज यंत्रांच्या घरघरीवर चढला.

"अगं ए, दारात काय उभ्या राहिल्यात! आत सरका, आत जागा आहे!"

पुतणीला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले.

"या दोघीतिघी बघ, घुसल्यात आत. निळा ठिपका म्हणजे हत्यार बनवायचा निरोप. केशरी ठिपका म्हणजे बनलेलं हत्यार. बाहेरच्यांकडे दोन्ही आहेत. आतल्यांकडे नुसतं निळं."

"ऑर्डर आहे, माल नाही."

"तसंच."

"पण जिवंत आहेत?"

"आहेत. आत कुणीतरी त्यांचे हात बांधून ठेवलेत."

"मग त्यांच्या आधी मी कशाला मरू?"

दार उघडलं. डॉक्टर होते.

"यांना इथे कुणी आणलं?"

"मी," पुतणी म्हणाली. "आणि तुकडा दळला नाही, तोही मीच."

"तुकडा माझा आहे," आत्या म्हणाली. "स्वतःला भेटायला पास लागतो का?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर नजर स्क्रीनवर गेली होती. ते उभ्यानेच वाकले. कडेकडेने सावकाश बघत आले आणि आतल्या निळ्या ठिपक्यांपाशी थांबले.

"हात सोडवणारं एक औषध चाचणीत आहे," ते पुतणीकडे न बघता म्हणाले. "पण एका कापाच्या भरवशावर मी यांना त्यात घेऊ शकत नाही. पुन्हा हेच दिसायला हवं. दुसरा काप आहे?"

"नाही. तुकडाच एवढासा होता. संपला."

"मग नवा तुकडा..."

आत्याकडे बघायचा पुतणीला धीर होईना, म्हणून ती नुसती कीबोर्डकडे बघत राहिली.

आत्याने चष्मा काढून त्याची घडी घातली. चपला काढल्या आणि पायानेच खुर्चीखाली सारल्या.

"झोपायचं कुठे, ते बोला."